चौकटीची उंची

मात्सुए गावात, खंदकाच्या काठावर
दातांचा दवाखाना होता तो.
बंद होऊन नऊ वर्षं झाली,
तरी लवंगेच्या तेलाचा वास भिंतींतच मुक्कामाला.
साकुमा इतारु म्हणाला, इथे चहाघर करा.
दवाखाना वाटता कामा नये,
आणि जुनंही नको, म्हणजे खोटं जुनं.
मी मान हलवली.
मान हलवणं हा माझा निम्मा धंदा.

पहिले दोन दिवस कशालाच हात लावला नाही.
खुर्ची जिथे बोल्टांनी जखडलेली होती
तिथल्या चार भोकांच्या मधे बसून राहिले.
उजेड कुठून शिरतो, दहाला कुठवर पोचतो,
कितीला दमतो,
खडूनं फरशीवर लिहून ठेवलं.

मग काढत गेले.
ट्यूबलाइटी, खोटं छत, हसऱ्या दाढेचं चित्र.
एक्स-रेची खोली तेवढी राखली.
तिच्या भिंतीत शिशाचा पत्रा,
रस्त्यावरची एकही स्कूटर आत यायला धजत नाही.
एवढी शांतता मागवून मिळत नसते.
तिथेच कोनाडा काढला,
एका फुलासाठी. कधी तेही नसेल.

विस्तवाच्या जागी विजेची शेगडी बसवली,
वर जुनी लोखंडी किटली.
किटलीनं कुरकुर केली नाही,
माझ्या गुरूंनी मात्र फोन ठेवून दिला.

उकाइ गवंड्यानं माती आणली,
भाताचं काड घालून गेल्या शरदापासून भिजवलेली.
पिंपाचं झाकण निघालं तसं इतारुनं नाक धरलं.
"कुजली नाही तर भिंतीला धरत नाही,"
उकाइ म्हणाला,
आणि पुढचे तीन दिवस काहीच म्हणाला नाही.

राहिलं दार.
चहाच्या खोलीचं दार बुटकं, सहासष्ट सेंटिमीटर,
सरदार असो की सावकार, गुडघ्यांवर सरकत आत.
तलवार बाहेर, ताठा बाहेर.
मी तसंच काढलं. मनापासून काढलं.

इतारु आईला घेऊन आला.
ताझुको-सान, एक्याऐंशीची, चाकांच्या खुर्चीत.
तिनं माझा नकाशा घेतला,
खिडकीशी उजेडात धरला,
एक डोळा बारीक केला
आणि दारावर बोट टेकवलं:
"इथे कीड आहे."

कुणी हसलं नाही. मग तीच हसली.
"चाळीस वर्षं ओणवी राहून
लोकांच्या तोंडात बघितलं मी.
माझं वाकून झालंय, बाई."

त्या रात्री दार पुसलं.
उंबरा काढून टाकला. रुंदी नव्वद.
ततामीच्या मधून चाकांपुरती काळ्या दगडाची वाट.
उंचीपाशी पेन्सिल अडली.
सकाळी उकाइनं न बोलता ओळंब्याची दोरी काढली,
जमिनीपासून तिच्या अंबाड्यापर्यंत धरली,
वर चार बोटं सोडून गाठ मारली.
ती गाठ म्हणजे चौकटीची उंची.

उघडायच्या दिवशी
बँकेचा मॅनेजर वाकला, शेजारची मासेवाली वाकली,
इतारु वाकला,
आणि जिनं माप लिहिलं त्या माझंच
कपाळ लाकडावर आपटलं.
ताझुको-सान तेवढी सरळ आत गेली,
पाठ ताठ, हात मांडीवर.

शिशाच्या खोलीत थांबून हुंगलं तिनं.
"लवंग गेली नाही."
"घालवली नाही," मी म्हटलं, कपाळ चोळत.

मग तिच्यापुढे वाटी आली.
तिनं ती दोनदा फिरवली
आणि सवयीनं, आत काय आहे ते बघायला,
वाकली.

उकाइ बाहेरच उभा होता.
उत्तरेचा कोपरा अजून ओला होता
आणि त्याला घाई नव्हती.