साठ ग्रॅम

रेशनच्या दुकानात एकोणीस वर्षं मी काटा सांभाळला.
साखरेच्या पुडीवर टेकलेला अंगठा किती भरतो
ते मला न बघता कळतं.
म्हणून कन्नमवार नगरच्या पोरांच्या कबड्डी लीगमध्ये
वजनाच्या टेबलावर मला बसवतात.
काकू कुणाचं ऐकत नाहीत, म्हणे.

चाळीस किलोखालचा गट. सकाळी साडेसात.
काटा इस्माईलभाईंच्या भंगाराच्या दुकानातला,
काल त्यावर तांब्याची तार होती, आज पोरं.
बनियन काढ. ताईत राहू दे. हात सोड.
पोरं श्वास सोडून उभी राहतात,
जसं काही हवेचंच ओझं आहे सगळं.

अब्रार परकार : चाळीस किलो एकशेवीस.
अकरा फेऱ्या पळाला, नखं कापून आला,
भिंतीशी उभा राहून थुंकत बसला बराच वेळ.
चाळीस किलो चाळीस.
त्याचे सर म्हणाले, काकू, चाळीस ग्रॅम म्हणजे एक लिंबू,
तेही पिळलेलं.
मी म्हटलं, पिळलेलं लिंबूही काट्यावर ठेवलं की भरतंच.
पावणेनऊला यादी बंद. त्याच्या नावावर लाल रेघ.
तो रडला नाही.
बनियन उलटं घातलं आणि गेला.

त्याचा संघ सहा जणांत खेळला,
एका गुणाने हरला.

दुपारी चहाचा पेला ठेवायला जागा करत होते.
काट्यावर कुणी नव्हतं
आणि आकडा साठ.
फुंकर मारली, फक्कीची पूड झटकली,
पायाखालचा खडा काढला.
साठ.
कुणाचेच नसलेले साठ ग्रॅम.

वजाबाकी मला येते.

घोसाळकर साहेबांनी नियमावली उघडून दाखवली :
वजनाबाबत टेबलाचा निर्णय अंतिम राहील.
टेबल म्हणजे मीच की हो, मी म्हटलं.
ते म्हणाले, साडेपाचला मैदान हळदीच्या मांडवाला दिलंय,
बघा बुवा.

मग मी माईक घेतला.
काटा चुकला, मी रिकामा बघितला नाही, एवढंच बोलले.
माईक खरखरत होता,
निम्म्या लोकांना वाटलं कुणाच्या तरी चाव्या हरवल्यात.
एक बाई पर्स तपासू लागल्या.
जिंकलेल्यांचा कप्तान, दर्पण घाग, टेबलाशी आला,
गुडघ्याला माती, हातात ढाल.
काकू, मग आम्ही जिंकलो का?
नियमात याचं काही नाही रे.
मग कोणाला विचारू?
मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

सहा वाजता मैदानात बांबू उभे राहत होते.
पाण्याच्या टाकीमागे चपलांची मध्यरेषा,
दप्तरांची निदान रेषा.
दर्पण सायकलवर डबलसीट घेऊन आला अब्रारला.
सात विरुद्ध सात. शिट्टी नाही, पंच नाही,
मी माझी पिशवी आवरत होते, एवढंच.

अब्रार चढाईला गेला, दम घुमवत,
कोपऱ्यात पाय टाकला, परत फिरला.
मला काही दिसलं नाही. कुणालाच नसावं.
दर्पणने हात वर केला,
लागला, म्हणाला, अंगठ्याला,
आणि जाऊन कडेला बसला.
पुढच्याच चढाईला चप्पल सरकली म्हणून
दोघांनी एकमेकांची गचांडी धरली,
बोनसवरून आया-बहिणी निघाल्या,
गुण किती झाले ते कुणालाच आठवेना,
अंधार पडल्यावर दोन्ही बाजू आपणच जिंकलो सांगत घरी गेल्या.

जाताना अब्रार टेबलाशी थांबला.
काकू, आता बघू?
मी काटा बंद केला, चालू केला,
शून्य दिसेपर्यंत त्याला थांबवलं.
मधल्या वेळात त्याने तीन केळी खाल्ली होती.
चाळीस किलो दोनशे.
तो इतका हसला की आकडा हलत राहिला.

रात्री काटा परत करताना
इस्माईलभाईंना साठ ग्रॅमचं सांगितलं.
ते शटर ओढत म्हणाले,
भंगारात एवढं कोण बघतं, ताई.
मी म्हटलं, उद्या सकाळी सातला पुन्हा न्यायला येते,
पंचेचाळीसचा गट आहे.