हँडब्रेक ओढू नकोस

गॅरेजमध्ये आता एइनो राहतो.
जिने त्याला चढवत नाहीत, म्हणून ऑगस्टमध्ये
सुताराने खाली लाकडी जमीन घातली,
मोठ्या दाराच्या जागी खिडकी बसवली.
ग्रीसचा वास तेवढा गेला नाही.
तो जावा असं कुणी म्हणालंही नाही.

आणि गाडी बाहेर.
दोन माणसांची, मोहरीच्या रंगाची, रस्त्याला पोट लावून पळणारी,
जिच्यातून मला कधी धड उतरता आलं नाही.
आधी बर्चखाली लावली. "तिथे नको, चीक गळतो,"
तो ओरडला; अर्ध्या तोंडाने जेवढं ओरडता येतं तेवढं.
मग सॉनाच्या भिंतीला.

टाकी काठोकाठ भर, रिकाम्या जागेला घाम फुटतो.
टायरखाली फळ्या घाल.
सायलेन्सरच्या तोंडात घासणीची तार कोंब, उंदीर शिरतात.
बॅटरी मी घरात आणली. फ्रीजशेजारी बसून असते,
हिरवा दिवा मिचकावत, न बोलावलेल्या पाहुण्यासारखी.
प्लास्टिक पांघरू नकोस, गुदमरेल. कापड घाल.
आणि हँडब्रेक ओढू नकोस, हे तीनदा:
"थंडीत पकडून बसतो. मग सुटत नाही."

मी ओढला नाही. चाकाला वीट लावली.
बेचाळीस वर्षांच्या संसारात तो माझ्याशी
एका दमात इतकं कधी बोलला नव्हता.

जानेवारीत थंडर बेचा पारा उणे अडतीस.
रात्री सरोवर तडकतं, ओलं लाकूड फुटावं तसं.
सकाळी झाडू घेऊन मी गाडीवरचा बर्फ लोटते,
फावड्याने नाही, कापड फाटतं.
खिडकीतून तो डाव्या हाताने दाखवतो:
तिकडे. अजून तिकडे.

शेजारची मार्लीस म्हणाली, "रोज दहा मिनिटं सुरू करत जा गं,
बरं असतं तिला."
एइनोने मान हलवली.
अर्धवट तापवली की पोटात पाणी धरते.
चालवायची तर चालवायची,
नाहीतर झोपू द्यायची.

मंगळवारी मारिबेल येते,
त्याचा उजवा पाय दहा मिनिटं वरखाली करते.
त्यावर तो काही म्हणत नाही.
मीही नाही.

परवा बर्फात उंदराची पावलं दिसली,
सॉनाकडून गाडीकडे. परतीची नव्हती.
त्याला सांगितलं नाही.
रात्री मात्र कापड उचलून आत शिरले,
त्याच्या जागेवर बसले. सीट फळीसारखी कडक,
काचेवर माझाच श्वास गोठत होता,
आणि कापडाआडून त्याच्या खिडकीचा उजेड,
मोहरीएवढा.

हात हँडब्रेकवर गेला.
ओढला नाही.
नुसता ठेवला,
हातमोज्यातली बोटं बधिर होईपर्यंत.