खालून वर

बाप्तिस्तची बोट काल भरतीला ओढून घेतली.
आता माडाच्या ओंडक्यांवर दोन्ही पोंटून उघडे टाकून बसली आहे,
लुगडं वर खोचून खुबे काढायला उतरलेल्या बाईसारखी.
बाणस्तारीच्या पुलावरून बर्फाचे टेम्पो जातात,
त्यांचं पाणी ठिबकतं माझ्या मानेवर.

कालवं आधी. लाकडी पात्यानं, तिरकं धरून.
पोलादी घासणी नाही:
तिचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात
आणि पहिल्याच आठवड्यात तांबूस रडू लागतात.
हे मला कुणी शिकवलं नाही,
बेतीच्या धक्क्यावर चार हजार भरून शिकलो.

मग ॲसिडचं पाणी, एकास दहा.
नेहमी खालून वर.
वरून सोडलं तर ओघळ उमटतात
आणि वर्षभर जात नाहीत.
मोजून तीन मिनिटं, मग गोडं पाणी, भरपूर.
आई बिंबलांनी टोप घासायची
तेव्हाही फेस असाच राखाडी असायचा,
पेरांच्या रेघांत आयतवारपर्यंत टिकायचा.

जस्ताच्या वड्या बदलल्या.
गेल्या वर्षी साबणाएवढ्या होत्या,
आता चहात विसरलेल्या बिस्किटासारख्या.
पाण्यानं बोटीआधी त्यांना खावं, एवढंच त्यांचं काम.
मी त्यांच्यासाठी हळहळत नाही. बिलात लावतो.

शेवटी मुठीनं ठोकत जायचं.
टण्ण. टण्ण. टण्ण.
डाव्या पोंटूनच्या नाकाशी
थप्प.

बूच काढलं तर कळशीभर पाणी.
वर एम-सीलचा एक गोळा,
दरवर्षी बघतो, दरवर्षी त्याच्या कडेनं घासतो.
आज उकरला.
आत तांब्याचं नाणं, पोर्तुगीज अमदानीतलं,
राजाचं नाक झिजलेलं.

एस्पेरांसनं लावलेलं. बाप्तिस्तची माय.
पहिल्या फेरीच्या दिवशी
पाद्रीनं पाणी शिंपडून पाठ फिरवल्यावर,
माझ्याकडूनच एम-सील मागून घेतलं होतं.
मला वाटलं, हंडा गळत असेल.

नाण्याखाली भोक. सुई जेमतेम जाईल.
तांबं, ॲल्युमिनियम, मध्ये खारं पाणी:
सात वर्षं ते बोटीला पीत होतं,
आणि बोट बुडू नये
म्हणून तिथं होतं.

बाप्तिस्त उतरला, हातात बांगड्यांची पिशवी.
दंडावर अजून काळी फीत,
महिन्याची मीस परवाच झाली.
"बरी आसा मरे, शाणू?"
वेल्डिंग लागेल, म्हटलं. थोडं.
"कित्याक?"
समोरच्या खाजनाच्या बांधावर मगर पडली होती,
तोंड उघडं टाकून, कुणाचंच काही न लागल्यासारखी.
खारं पाणी, मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते.

तो गेल्यावर नाणं बिंबलानं घासलं.
सुकाणूजवळच्या सागवानी फळीत पटाशीनं खाच पाडली,
नाण्याहून केसभर लहान,
आणि लाकडी हातोडीनं बसवलं.
मध्ये लाकूड असलं की हे दोघे भांडत नाहीत.

वेल्डरला घेऊन तो संध्याकाळी आला,
फळीपाशी थांबला.
हे इथं कसं, असं विचारलं नाही.
राजाच्या नसलेल्या नाकावरून
अंगठा फिरवत राहिला, बराच वेळ.

मी उजव्या पोंटूनकडे वळलो.
चवथीला आठ दिवस, आणि उजेड अर्धा तास.
बादली भरली, एकास दहा.
खालून सुरुवात केली.