आतड्यांचा कोट

बोग्ना आली तेव्हा मी शटर ओढत होतो.
म्हणाली, डुकराची आतडी हवीत, धुतलेली,
चाळीस मीटर.
मी विचारलं, लग्न कुणाचं?
म्हणाली, कोट करायचाय.

वूच शहरात माणसं वेडी होण्याची कारणं
आम्हाला पाठ आहेत:
गिरण्या गेल्या, धुराडी तेवढी राहिली.
पण हे कारण नवं होतं.

कॉलेजात तिने आधी कांद्याच्या सालांचा करून पाहिला,
खांद्यापाशीच चुरा झाला.
मग चहाच्या वापरलेल्या पिशव्यांचा.
त्याला, म्हणाली, नुसता चहाचा वास.

शिवू नकोस, मी म्हटलं,
सुई लागली की आतडं फाटतच जातं.
कोमट पाण्यात भिजव, उभं चीर,
ओल्यावर ओलं ठेव, कडेला अर्धं बोट चढव.
वाळलं की आपलं आपण धरतं.
पस्तीस वर्षं मी त्यात मांस भरतोय.
रिकामं असताना ते कसं वागतं,
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तीन आठवडे ती माझ्या मागच्या खोलीत होती.
बापाचा कोट खुर्चीला घातलेला,
त्याच्याकडे बघत बघत हा दुसरा.
फाटका खिसा फाटकाच हवा होता तिला,
तोच सगळ्यात जड गेला.
बटणं हाडाची. हाडंही माझीच,
म्हणजे दुकानातली.

प्रदर्शनाला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.
लोक हातात ग्लास घेऊन कोटाभोवती फिरत होते.
कुणी म्हणालं, अनुपस्थिती.
कुणी म्हणालं, त्वचा.
मी म्हटलं, डुक्कर,
आणि मग गप्प राहिलो.

दिव्यासमोर बाह्यांमधल्या शिरा दिसत होत्या.
बाहेर बर्फ वितळत होतं, दार सारखं उघडत होतं,
आणि दमट हवेत आतडं सैलावतं
हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत.
आधी कॉलर वाकली.
मग उजवा खांदा हळूच खाली आला,
रंगखात्यातल्या बादल्या उचलून उचलून
विन्त्सेंतीचा आला होता तसाच,
दर शनिवारी दिसायचा,
उधारीचं बोलण्याच्या जरा आधी.

बोग्ना माझ्याकडे बघत होती.
माझा हात टोपीकडे गेला होता.
टोपी मी घरीच विसरलो होतो.