वाघर

संडे स्कूलच्या फ्लॅनेलच्या फळ्यावर
तो उभा असतो, झगा धुतलेला, दाढी विंचरलेली,
खांद्यावर कोकरू सायीसारखं.
बाकीची नव्व्याण्णव एकाच कागदातून कापलेली,
ढग म्हणूनही खपतील.

अठरा वर्षं ही गोष्ट मी शिकवली
ऐरोलीच्या मुलांना,
खरं मेंढरू जवळून न पाहता.

जानेवारीत उलव्याच्या पुढे, जासईला,
कापलेल्या भाताच्या खाचरात
धनगरांचा वाडा उतरला होता.
पलीकडे कंटेनरच्या निळ्या-तांबड्या भिंती.
आधी वास आला,
लेंड्यांचा, दवाने भिजलेल्या लोकरीचा, चुलीचा.
खांद्यावर कोकरू होतं, हो,
पण त्याचा पाय सुजलेला
आणि बिरू कोळेकरच्या सदऱ्यावर
त्याने केलेली घाण वाळून गेलेली.

विचारलं, शंभरातलं एक हरवलं तर?
"जायाचं की हुडकाय."
आणि नव्व्याण्णव?
तो हसला, शहाण्या बाईने
भलतंच विचारावं तसा.
"ती काय वाऱ्यावर सोडतोय व्हय?
ही हाय की."

ही
वाघरीच्या खुंट्या दगडाने ठोकत होती.
पाठीला पोर, दातात दोरी,
म्हणून तिला नाव विचारता आलं नाही.

इम्मानुएल गेला तेव्हा मी एकोणीसची.
पप्पा रात्ररात्र तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलला
झोपलेल्या क्लीनर पोरांच्या तोंडावर
बॅटरी मारत फिरले.
सापडला तेव्हा त्याला खरंच उचललं त्यांनी,
चोवीस वर्षांच्या बाप्याला, रिक्षापर्यंत.
मी दार उघडलं. पाणी तापवलं.
त्याच्या केसांतल्या उवा काढल्या.
मला कोणी शोधलं नाही,
मी कुठे गेलेच नव्हते.

हे प्रार्थनेत कधी बोलले नाही.
लाज वाटायची, आणि
त्याला माहीत असेलच असंही वाटायचं.

आता पप्पांना सेक्टर आठ म्हणजे राहुरी वाटते.
रात्री तीनला हाक मारतात, इम्मानुएल!
तो शारजात असतो. नाताळला फोन करतो.
मी ओ देते.
चादर बदलते, कूस बदलते,
पुन्हा हाक आली की पुन्हा ओ.

जासईहून आले त्या रात्री
खिडकी लावताना खाडीकडून
भिजल्या लोकरीचा वास आला.
अंधारात कोणीतरी
एकेक खुंटी हलवून बघत होतं,
दातात दोरी.

मी नाव विचारलं नाही.