सव्वादोन

रंगाऱ्याच्या शिडीनं तिसरी शेड फोडली
तेव्हा मी एवढंच म्हणाले, आधी पायात चप्पल घाला.
नारायण पेठेतला आमचा टायपिंग क्लास,
बंद होऊन नऊ वर्षं झाली.
मशिनं भंगारात गेली, छताला राहिला
पितळेचा तीन हातांचा दिवा
आणि आता दोनच दुधी काचा.

त्यातली एक उतरवून वर्तमानपत्रावर उपडी ठेवली,
तोंडाभोवती पेन्सिल फिरवली,
गोल घडी करून पर्समध्ये,
आणि बोहरी आळीत मोईझभाईंची पायरी.

त्यांनी कागद उलगडला, चष्मा वर केला.
"बाई, हे तोंड झालं. तोंड काय, कसंही असतं,
झालरीचं, घंटेसारखं, वाटेल तेवढं पसरतं.
दिवा शेडला गळ्याशी धरतो.
गळ्याची कड मोजा, बाहेरून बाहेर.
आणि पितळी वाटी मोजू नका, एक सूत जास्त भरेल.
ते सूत काचेचं नाही, हवेचं."

घरी स्टीलची पट्टी.
जरा सरकली की दोन इंच, जरा सरकली की दोन इंच एक सूत.
सगळ्यात मोठं येईल ते खरं,
पण सगळ्यात मोठं कुठलं?
चाळीस वर्षं मुलांना सांगत आले,
नजर कागदावर, बोटांवर नाही.
आता बोटंच हलत होती.

मग हातातली पाटली आठवली. सव्वादोनची.
साबण लावला, खोबरेल लावलं.
निघेना.
मनगटासकट काचेच्या गळ्यापाशी नेली
आणि एकटीच हसले.

तुळशीबागेत कासारीण आधी माझा हात बघते.
"तुम्हाला अडीच लागतील."
"मला नको. दिव्याला. सव्वादोनची, एक."
"एक कशी देऊ? डझन घ्या."
घेतल्या.

बांगडी गळ्यावरून उतरली,
अडली नाही, वाजली नाही.

मोईझभाई ती घेऊन माळ्यावर चढले.
धुळीत सात शेडी. चार शिरल्याच नाहीत,
दोन बांगडीत लुडबुडत राहिल्या.
सातवी बसली: किंचित पिवळी, तोंडाला टवका.
"टवका गळ्याला असता तर दिली नसती," म्हणाले,
आणि दीडशे कमी केले.

"तिन्ही स्क्रू बोटानं आवळा, पान्यानं नाही,
मग अर्धा आटा मागे.
बल्ब तापतो, काच फुगते.
घट्ट धराल तर रात्री कधीतरी
कोणी हात न लावता तडकेल."

अर्धा आटा मागे.
बटण दाबलं.
दोन दुधाच्या, एक चहाची.

अकरा बांगड्या खालच्या मृण्मयीला दिल्या,
बारावी पट्टीशेजारी खणात आहे.
पाटली अजून हातात.
तिला मागे फिरवायला
आटा नाही.