मनगट

टेबलावर मोटर, मोटरीला पोलादी कडं,
कड्यावर टेकणारी बोटाएवढी गुंडी,
गुंडीला लांब दांडा.
दांडा माझ्या हातात.

आधी साधं ऑइल.
दांडा दाबतो. कडं किंचाळतं,
मोटर अडखळते, काटा लाल घरात जातो
आणि धनेशशेठ गल्ल्यावरून म्हणतात,
"ऐका. हे तुमच्या इंजिनाचं रडणं."

मग वज्रलेपचे चार थेंब.
पुन्हा दाबतो. कडं गप्प.
वागळे इस्टेटच्या त्या दहा बाय बाराच्या गाळ्यात
गिऱ्हाइकाचं तोंड उघडं राहतं,
त्या उघड्या तोंडाचे मला
बाटलीमागे पस्तीस रुपये.

सांगत नाही ते एवढंच :
पहिल्यांदा मी खांद्यातून दाबतो,
दुसऱ्यांदा नुसत्या मनगटातून.
आणि पहिल्यांदा गुंडी कोरी असते,
टोकावर टेकते, सगळा भार त्या एका टोकावर.
दुसऱ्यांदा तिला चपटा व्रण पडलेला असतो.
व्रणावर भार पसरतो.
व्रण पडला की आवाज येत नाही,
हे मला कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

इद्रिस मिस्त्रीनं एकदा
रुपयाच्या शांपूची पुडी ओतली कड्यावर.
तरी गप्प.
शेठ हसले, त्याला कटिंग पाजला,
तेव्हापासून इद्रिसच्या गॅरेजातून
महिन्याला दोन खोके जातात.

त्या दिवशी मंदाकिनी मढवी आली.
बाहेर तिची अबोली रिक्षा,
रंग अबोली, बाई नव्हे.
क्लचची वायर हवी होती.
वायर सापडेस्तोवर उभी राहिली,
माझा खेळ तिनं तीनदा पाहिला,
तीन वेगळ्या माणसांवर, एकाच वाक्यासकट.

"दांडा मला द्या जरा."
शेठ म्हणाले, "ताई, मशीन नाजूक आहे."
"नाजूक? आणि हे माझं इंजिन वाचवणार?"
दुकानात कुणीतरी खोकलं.

मग माझ्याकडे वळून, हळूच,
जसं एखाद्याला शर्टाचं बटण उघडं असल्याचं सांगावं :
"दादा, इंजिनात तुमचा हात कुठे असतो?"

उत्तर आलं नाही.
तिनं वायर बोटांनी ताणून पाहिली, कानाशी धरून वाकवली,
एकशेचाळीस मोजले,
आणि गेली. वायरीला डेमो लागत नाही.

रात्री बसची वाट पाहताना
तीन हात नाका, असं पहिल्यांदाच नीट वाचलं.
दोन माझे. तिसरा?
आईला मधुमेहाचं चूर्ण विकून गेला तो असेल,
किंवा आमच्या चाळीत
पाणी शुद्ध करायच्या यंत्रात दोन तारा बुडवून
नळाचं पाणी चहाएवढं काळं करून दाखवणारा.
आईनं हप्त्यावर घेतलं होतं ते यंत्र.
मी तेव्हा आठवीत, टाळी वाजवली होती.

सकाळी भिवंडीचा एक टेंपोवाला आला,
नवाकोरा, कानात बिगबाळीची हौस,
टेंपोच्या मागे मुलीचं नाव : ओवी.
साधं ऑइल. किंचाळलं.
मी गुंडी फिरवली, कोरी बाजू खाली घेतली,
चार थेंब टाकले
आणि खांद्यातून दाबलं.

कडं किंचाळलं.

शेठ चश्म्यावरून बघत म्हणाले,
"मशीन बिघडलं काय रे?"
"बघतो," म्हटलं.
टेंपोवाला ऑइल फिल्टर घेऊन गेला.

पस्तीस रुपये गेले.
दुपारनंतर दोन बाटल्या विकल्या,
मनगटानंच.
घराचं भाडं पाच तारखेला असतं.

पण गुंडी आता रोज फिरवून ठेवतो,
कोरी बाजू वर.
कशासाठी ते अजून ठरवलेलं नाही.
बाहेर अबोली रंगाचं काही थांबलं
की हात दांड्यावर असला तरी
दाबायचा राहतो क्षणभर,
आणि मोटर आपली फिरत राहते, बिनभाराची,
कुणाला काहीच सिद्ध न करता.